तीन भोकांचं कार्ड

किर्कली स्टेशन, वायमाटीच्या मागे
रविवार, १४ ऑगस्ट १९९४

यूअन,

तुझी रायफल विकायला निघाली आहे. वस्तू तुझी, म्हणून कळवतेय. एरवी मी लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. अकरा वर्षं दर नाताळला समुद्रापलीकडून, कालगूर्लीहून तुझं कार्ड येतं, आत नुसतं नाव. त्याच्या पाकिटावरचा पत्ता घेतला.

गिऱ्हाईक शेजारचंच आहे, परातांची हुईया. तू गेलास तेव्हा ती शाळेच्या बसमधून आपल्याला वाकुल्या दाखवायची. आता सहा कुत्री पाळते, लोकांचे कळप डोंगरावरून उतरवून देते आणि तोंडाला लगाम म्हणून नाही. यंदा त्या बुटक्या कांगारू, वॉलबी, इतक्या माजल्यात की मेंढ्यांच्या वाटचं गवत उरत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सगळं खोरं मिळून हाकारा घालणार आहे, आणि हुईयाला दिवसभर खांद्याला जड होणार नाही अशी रायफल हवी आहे.

बाबा तिला लोकरीच्या शेडमध्ये घेऊन गेले. घरातल्या प्रत्येक रायफलीचं नेमाचं कार्ड दाराच्या आतल्या बाजूला ठोकायची आपली रीत अजून चालू आहे. तुझ्या रायफलीचंही आहे. १२ मार्च १९८३, शंभर यार्ड, एका नाण्याखाली झाकतील अशी तीन भोकं, खाली माझी सही.

"काका, ही तर दुकानातली सगळ्यात स्वस्त रायफल," हुईया म्हणाली. "हिची नळी म्हणजे नुसता पाण्याचा पाइप!"

"स्वस्त असेल. पण पारखलीय कुणी ते बघ की," बाबा म्हणाले. "आमच्या नोलीननं. नळी चोख आहे. वाईट होता तो हात."

मी तिथेच उभी होते.

दुसरी गोष्ट. ३० सप्टेंबरला बाबा ओमारूला वकिलाकडे जाणार आहेत. मेंढ्यांचं हे स्टेशन पुरं माझ्या नावावर होणार, जमीन, मेंढ्या, घर सगळं. तुझं नाव कागदात कुठेच नाही. वकिलानं फोनवर विचारलं असावं की तुम्हाला मुलगाही आहे ना, कारण बाबा म्हणाले, "जो आपली गोळी कुठे गेली ते खरं सांगत नाही, त्याच्या हाती मी एक मेंढरूही द्यायचा नाही." मी मागितलं नव्हतं. पण नको, असंही म्हटलं नाही.

हुईयासमोर दोन-चार गोळ्या झाडून दाखवीन म्हणते. विकायला तुझी हरकत नसेल तर तसं कळव.

नोलीन

*

किर्कली
रविवार, २१ ऑगस्ट

यूअन,

तुझं उत्तर यायला अवकाश आहे. पण आज रायफल झाडली, आणि घरी हे बोलायला कुणी नाही.

गेल्या अकरा वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. तेल वाळून मधासारखं झालं होतं. सगळी साफ केली. दुर्बिणीचे स्क्रू आवळले. नळी दस्त्याला कुठे टेकते का, ते बघायला चॉकलेटचा कागद मधून सरकवला. पार मुळापर्यंत अडला नाही. म्हणजे लाकडाचा दोष नाही. नळीचं तोंडही स्वच्छ होतं.

मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून, शंभर यार्डांवर कार्ड लावलं. हुईया शेजारी पालथी पडली. तिला बाबांचा नियम सांगितला: आधी सांग, मग बघ. चाप ओढला त्या क्षणी नेमाचा काटा कुठे होता ते तोंडानं सांगून मोकळं व्हायचं, मगच कार्डाकडे बघायचं. आधी बघून मग सांगणारा माणूस बाबांच्या लेखी मेंढीचोराच्या पंक्तीतला.

तीन झाडल्या. तीनही वेळा मी "मध्ये" म्हणाले, आणि तीनही मध्येच होत्या. पुंजका जुन्या कार्डासारखाच.

मी उठले, गुडघे झाडले.

"हे काय?" हुईया म्हणाली. "तीनच? वॉलबी काय तीन-तीनचा गट करून येतात?"

"वारा वाढतोय," मी म्हणाले.

"कुठंय वारा? माझ्या सिगारेटचा धूर सरळ वर चाललाय. बाई, तीन गोळ्यांवर तर माझ्या आत्याचा नवराही चॅम्पियन आहे. पाकिटात कार्ड घेऊन फिरतो, लग्नाचा फोटो नाही, ते कार्ड! उरलेली चाळीस कार्डं कुठंयत विचारलं की म्हणतो, त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं."

मी हसले. पण रायफल पिशवीत घातलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी चहाच्या वेळी हुईयाला हाकाऱ्याची ती गोष्ट सांगितली. ते अजून ती कशी सांगतात, तेही तुला कळायला हवं. १६ एप्रिल, शनिवार. लोक धारेवर ओळीनं बसलेले, कुत्री खालच्या काटेरी झुडपांत सोडलेली. वॉलबी भराभर बाहेर पडायला लागल्या आणि यूअननं भराभर पाच गोळ्या झाडल्या. सहावी वॉलबी दोनशे यार्डांवर थांबून बसली. तिच्या डावीकडे वीतभर अंतरावर, गवताच्या झुबक्याआड, आपली कुत्री फ्लॉस पोटावर दबून होती. फ्लॉस तशीच काम करायची, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत. यूअनची गोळी वॉलबीला लागली नाही, फ्लॉसला लागली.

"कुत्री गेली त्याचं मी पोटात घातलं असतं," बाबा म्हणाले. "कुत्री मरतात. मी त्याला विचारलं, कुठे धरला होतास? म्हणे, मध्ये. वॉलबीच्या खांद्यावर. मी म्हटलं, पोरा, हात हलला म्हण, इथेच मिटवू. म्हणे, हात हलला नाही. तीन वेळा विचारलं, तीन वेळा मध्ये. दारावर कार्ड होतं! नळी चोख आणि हातही चोख, तर मग गोळीला काय पाय फुटले?"

हुईया चहा अर्धाच टाकून उठली. कधी नव्हे ते.

तू लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, बस धरलीस. मी तुला वायमाटीला सोडायला आले होते. वाटेत तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. ते मला आठवतं.

नोलीन

*

किर्कली
सोमवार, ५ सप्टेंबर

यूअन,

आज तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा नावाशिवाय काही लिहिलंस, आणि ते एवढंच: "डबीत पंधरा होत्या."

पोस्टाच्या पेटीपाशी उभ्यानंच वाचलं. मग तिथेच कुंपणाच्या खांबाला टेकून बसले. कार्ड परत पाकिटात सरकवताना दोनदा नेम चुकला. मी, दक्षिण कँटरबरीची नेमबाजीतली सलग तीन वर्षं विजेती!

म्हणजे तुला माहीत होतं. वीस गोळ्यांची डबी. पारख करून रायफल परत दिली तेव्हा डबीसकट दिली होती, आणि कार्डावर भोकं तीन. उरायला हव्या होत्या सतरा. तू मोजल्या होत्यास. बसमध्ये चढताना तू माझ्याकडे बघितलंस ते यासाठी. मी सांगेन म्हणून वाट बघत होतास. बस वळणावर जाईपर्यंत मीही स्वतःची वाटच बघत होते, पण तोंड उघडलं नाही.

आता लिहिते. हातचं काही राखत नाही.

ती रायफल मीच तुझ्या गळ्यात मारली. बाबा म्हणत होते थांब, एक वर्ष लोकर कातरून पैसे जमव आणि चांगली घे, स्वस्तातली नळी म्हणजे लॉटरी. तू एकवीस वर्षांचा, तुला धीर नव्हता. आणि मला बाबांना दाखवून द्यायचं होतं की पारख महागड्या मालात नसते, डोळ्यात असते. "घे रे," मी म्हणाले, "नळी मी पारखून देते." बाबांपुढेच म्हणाले. ते नुसते हसले होते. ते हसणं मला झोंबलं होतं.

१२ मार्चला मी पाच गोळ्या झाडल्या, एकीमागून एक. शेजारी कुणी नव्हतं, तरी सवयीनं मोठ्यानं सांगत होते. पाचही वेळा "मध्ये" म्हणाले. आणि ते खरं होतं, यूअन. पाचही वेळा काटा मध्येच होता, चाप लोण्यासारखा सुटला होता. मग कार्ड बघितलं. तीन मध्ये. चौथी डावीकडे बाजूला, पाचवी त्याहून डावीकडे.

नळी तापली की सरकते, हे तिथल्या तिथे कळायला हवं होतं. बारीक नळी, स्वस्तातली, घाईत सरळ केलेली. ऊन लागल्यावर फळी वाकते तशी ती वाकते. हरणासाठी चालली असती, हरणाला एक गोळी लागते. हाकाऱ्याला पाच-सहा लागतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला बघायचं नव्हतं.

मी काय केलं ते ऐक. मोठ्यानं म्हणाले, "या दोन माझ्या. बोट जरा ओढलं गेलं." आपल्याकडे सगळेच म्हणतात ना? क्लबात दर शनिवारी कुणीतरी म्हणतंच, ती एक माझी, नळीचा दोष नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय प्रांजळ माणूस आहे, चूक अंगावर घेतो. त्या दोन गोळ्या मी अंगावर घेतल्या, कारण त्या फुकट होत्या. मग कात्री आणली आणि कार्डाची डावी बाजू कापून टाकली. कार्ड छोटं, सुबक दिसलं. सही केली.

आणि एप्रिलमध्ये एक गोळी अंगावर घ्यायची वेळ आली, ती फुकट नव्हती, तेव्हा मी फ्लॉसच्या अंगावर घालायला पोतं आणण्याच्या निमित्तानं गाडीकडे गेले.

मला वाटायचं, हे हळूहळू जुनं होईल. जुनं झालं नाही. आई गेली, बाबांचा पाय अधू झाला, मी सगळं सांभाळलं, लोक म्हणतात नोलीननं घर उभं ठेवलं. शेडचं दार मात्र मी नेहमी बाहेरून ढकलून सताड उघडं ठेवते, म्हणजे ती बाजू भिंतीला लागते.

येत्या रविवारी दहा गोळ्या झाडणार आहे. दुर्बिणीला बाबांना बसवणार. आधी तोंडानं सांगणार होते, काल रात्रीच्या जेवणाला सुरुवातही केली होती, पण ते म्हणाले, "ओमारूला जाताना माझा तो राखाडी कोट काढून ठेव," आणि माझ्या घशात मटणाचा तुकडा अडकला. त्यांनी पाठीवर थाप मारली. मी उठून कोट काढून ठेवला. माझ्या बोलण्यापेक्षा नळीच बोलेल ते बरं. भित्रेपणा आहे, माहीत आहे.

नोलीन

*

किर्कली
रविवार, ११ सप्टेंबर

यूअन,

आता संध्याकाळ आहे. बाबा त्यांच्या खोलीत आहेत, दार लावलेलं आहे. झालं तसं लिहिते.

सकाळी दहिवर वितळलं, वारा पूर्ण पडला. बाबांना गाडीतून टेकडीखाली आणलं, स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली, गुडघ्यावर घोंगडी, पुढे त्यांची जुनी पितळी दुर्बीण. स्वारी खुशीत होती. हुईया वही-पेन्सिल घेऊन बसली: मी काय सांगते ते एका रकान्यात, बाबा काय बघतात ते दुसऱ्यात.

"दहा कशाला?" बाबा म्हणाले. "तीनात कळतं."

"काका, माझे पैसे, माझा हट्ट," हुईया म्हणाली. "आमच्याकडे घोडा घेताना दारात उभा करून घेत नाहीत, पळवून घेतात."

मी पालथी पडले. एकीमागून एक, मध्ये थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिली. "मध्ये." बाबा म्हणाले, "मध्ये." दुसरी, तिसरी, तशाच. बाबांनी हुईयाला डोळा मारला, बघितलंस का म्हणून. मला बघायची गरज नव्हती, आवाजावरून कळत होतं.

चौथी. "मध्ये," मी म्हणाले.

बाबा थांबले. "डावीकडे. दीड इंच."

पाचवी. "मध्ये."

"डावीकडे. दोनच्या वर. नोलीन, चाप नीट ओढ."

"नीटच ओढतेय."

आणि यूअन, तेव्हा ते वाक्य तयार होऊन माझ्या जिभेवर येऊन बसलं. ही माझी, बोट ओढलं गेलं. इतकं सोपं होतं. बाबा लगेच हो म्हणाले असते, वय झालं तुझंही, म्हणाले असते. हुईयानं दुसरी रायफल घेतली असती. ३० तारखेला राखाडी कोट घालून आम्ही ओमारूला गेलो असतो. मी दात दाबून धरले आणि सहावी झाडली.

"मध्ये."

बाबांनी दुर्बिणीची काच रुमालानं पुसली, पुन्हा बघितलं. मग बाबा म्हणाले, "तीन इंच. डावीकडे." आणि मग, हळू, "खरं सांग."

"खरं सांगतेय, बाबा."

सातवी ते दहावी त्यांनी नुसते आकडे सांगितले. शेवटचा आकडा चार इंच. दोनशे यार्डांवर सहावीचे तीन म्हणजे सहा इंच. जवळजवळ वीतभर.

नळीला हात लावला तर चटका बसला. ती गार व्हायला ठेवली. हुईयानं चीज रोल आणले होते. तिनं आणि मी खाल्ल्यासारखं केलं, बाबांनी तेही नाही. पाऊण तासानं नळी हाताला गार लागली, तेव्हा तीन झाडल्या. तीनही मध्ये. हात तोच, डोळा तोच, दिवस तोच.

मग बाबा खुर्चीवरून उठले. "मला आडवं करा," म्हणाले.

"काका, तुमचा पाय..."

"पायानं नेम धरत नाहीत. करा आडवं."

आम्ही दोघींनी धरून त्यांना चटईवर उतरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण दस्ता खांद्याला लागला आणि हात असे थांबले की काय सांगू. हुईया दुर्बिणीला बसली. बाबांनी सलग सहा झाडल्या. प्रत्येक गोळीला "मध्ये." पहिल्या तिन्हींना हुईयानं "मध्ये" म्हटलं. चौथीपासून तिचा आवाज खाली खाली जात होता. सहाव्या गोळीनंतर ती नुसती वहीत लिहू लागली.

"कुठे?" बाबा म्हणाले.

"डावीकडे, काका. तीन इंच."

"मी मध्ये म्हणालो."

"हो."

"मध्येच धरला होता मी. हात हलला नाही."

"हो, काका."

"मग मी खोटं बोलतोय का?"

हुईयानं वहीत डोकं घातलं. बाबा रायफलीवरच कपाळ टेकून पडून राहिले. मला वाटलं त्यांना काही झालं. जवळ गेले, तर ते पुटपुटत होते, "तीन वेळा विचारलं मी त्याला. तीन वेळा."

तेव्हा मी सांगितलं. त्यांच्या शेजारी, गवतात बसून.

"किती गोळ्या?" त्यांनी विचारलं. तुझाच प्रश्न.

"पाच."

"काय सांगितलं होतंस?"

"पाचही मध्ये."

"मग?"

"मग बघितलं. आणि बघितल्यावर म्हणाले, दोन माझ्या."

"बघून सांगितलंस," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ते काठी टेकत एकटेच शेडमध्ये गेले. मी मागून गेले. त्यांनी दार भिंतीपासून ओढून घेतलं, खिळा उपटला, कार्ड उजेडात धरलं. डाव्या कडेला, कात्री जिथून गेली तिथे, एक अर्धगोल खाच आहे. चौथ्या गोळीचं अर्धं भोक. मी तेव्हा आणखी चार सूत आतून कापलं असतं तर पुंजकाच कापला गेला असता, म्हणून ते तसंच राहिलं. अकरा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"मला वाटायचं," बाबा म्हणाले, "जुन्या खिळ्यानं फाटलंय."

मग कार्ड खिशात घालून निघून गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

मला लाज वाटते, यूअन. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही. हा डोंगर, या मेंढ्या, आणि बाबांनी लोकांना "आमची नोलीन" म्हणणं. बाकी माझ्याकडे काही नाही.

नोलीन

*

किर्कली
रविवार, १८ सप्टेंबर

यूअन,

सात दिवस झाले, बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. जेवतात, औषध घेतात, कुत्र्यांशी बोलतात. मंगळवारी त्यांनी स्वतः ओमारूला फोन लावला. मी भांडी घासत होते. "३०ची वेळ रद्द करा," म्हणाले. "नाही, दुसरी नको. आधी एका माणसाला विचारायचंय." एवढंच. तो माणूस तू.

हुईयानं रायफल घेतली नाही. मी विचारलं, फुकट देते, हरणाला चालेल. ती म्हणाली, "बाई, माझी सहा कुत्री आहेत." मग जाता जाता वळून म्हणाली, "पण दहाच्या दहा झाडल्यास. माझ्या आत्याच्या नवऱ्यानं नसत्या झाडल्या." तिच्या परीनं ती मला धीर देत होती. रायफल कपाटात आहे. तुझी आहे, तूच ठरव.

दारावर आता माझं नवं कार्ड आहे, दहा भोकांचं, कडा न कापलेलं. मीच ठोकलं. खाली लिहिलं, पहिल्या तीन चांगल्या, पुढे भरवसा नाही. सही केली. लोकर न्यायला आलेल्या ट्रकवाल्यानं वाचलं आणि म्हणाला, हे कुणाबद्दल लिहिलंय? मी म्हटलं, दोघींबद्दल.

काल सकाळी चहाच्या कपाशेजारी पाकीट होतं. बाबांनी ते माझ्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. वर तुझा पत्ता, त्यांच्या अक्षरात. उघडंच होतं, म्हणून वाचलं. जुनं कार्ड आहे, खाचेचं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय:

"यूअन गिलीस. १६ एप्रिल १९८३. सहावी गोळी. त्याने सांगितलं, मध्ये. खरं सांगितलं. साक्षीदार, आर्चिबाल्ड गिलीस."

खाली आणखी एक ओळ होती, ती खोडली आहे. उजेडात धरून बघितली. "घरी ये" असं आहे. म्हातारा खोडून टाकतो आणि पाकीट उघडं ठेवतो. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते कार्ड यासोबत पाठवतेय.

माझ्यासाठी काही मागत नाही. तू पंधरा गोळ्या मोजल्यास आणि अकरा वर्षं गप्प बसलास, कुणालाही सांगू शकला असतास. एका पोस्टकार्डात माझं सगळं गेलं असतं. तू मला सांगायची संधी देत राहिलास आणि मी दर नाताळला तुझं कार्ड चुलीवरच्या फळीवर लावून ठेवत राहिले. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही.

नोव्हेंबरच्या आठला लोकर कातरणारे येतील. तुझी खोली झाडून ठेवली आहे. बाबांना तू हवा आहेस. मलाही.

आणि आता नियमाप्रमाणे, बघण्याआधी सांगते. तू येणार नाहीस. मी तुझ्या जागी असते तर आले नसते. वहीच्या पानावर लिहून, सही करून, शेडच्या दाराला लावतेय.

एकदा माझं सांगणं चुकू दे, यूअन.

नोलीन